गुन्हेगारीशास्त्राची पदवी : एका पित्याचे निवेदन
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून बोलण्याची आज्ञा झाली तेव्हा कार्यवाहांनी मला विषय विचारला. मी ‘गुन्हेगारीशास्त्राची पदवी’ असे सांगताच ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “अण्णा, व्याख्यानाला मंडळी मुलाबाळांसह येतात हो!” त्यांच्या मनात जी शंका आली, तीच २०१५ साली माझ्याही मनात आली होती. बारावीला उत्तम गुण मिळविलेल्या माझ्या कन्येने हाच विषय घेण्याचे जाहीर केले, त्या रात्री आमच्या घरी कोणी नीट जेवले नाही. बंगळुरातील मराठी मुले अभियंता होण्याकरिताच जन्म घेतात, अशी एका कारखान्यात तीस वर्षे काढलेल्या माझी प्रामाणिक श्रद्धा होती.

माझे पहिले अज्ञान असे की, हा विषय म्हणजे पोलिसांचे शिक्षण. तसे नाही. रक्ताचे डाग, बोटांचे ठसे, विषपरीक्षा हे न्यायवैद्यक विज्ञानाचे क्षेत्र. त्याला रसायन आणि जीवशास्त्र लागते. गुन्हा का घडतो, कोणाच्या हातून घडतो, शिक्षेने काय साधते आणि ज्याच्यावर गुन्हा घडला त्याचे पुढे काय होते, हे गुन्हेगारीशास्त्राचे प्रश्न. ते समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि कायदा यांच्या संगमावर उभे आहे. कला शाखेचा विद्यार्थीही त्यात शिरू शकतो. भेद लहान वाटतो, पण चुकीच्या दारातून आत शिरलेली मुले पहिल्याच वर्षी परत फिरतात. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी अभ्यासक्रमाची विषयपत्रिका मागवून घ्यावी आणि ती आईबापांनीही वाचावी. मी ती दुसऱ्या वर्षी वाचली!

हे शास्त्र आपल्याला अगदीच परके आहे असेही नाही. इटलीच्या लोंब्रोसोने १८७६ साली जन्मजात गुन्हेगाराची कल्पना मांडली. पण आपल्याकडे इंग्रज सरकारने १८७१ सालीच कायदा करून जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरविल्या होत्या. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत होती. हा कायदा १९५२ साली गेला, कलंक मात्र गेला नाही. लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ ज्यांनी वाचले आहे त्यांना हे निराळे सांगावयास नको.

याच्या उलट टोकाचे उदाहरण आपल्या या शहराशी जोडलेले आहे. मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलिश अभियंते १९३० नंतरच्या दशकात बंगळुरातील म्हैसूर सरकारच्या विजेच्या कारखान्याचे प्रमुख होते. औंधचे राजपुत्र अप्पासाहेब पंत यांच्याशी त्यांचा स्नेह जडला आणि ते औंध संस्थानात गेले. तेथे त्यांच्या प्रेरणेने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. भिंती नाहीत, कैद्यांनी शेती करावी, कुटुंबासह राहावे. ‘दो आँखें बारह हाथ’ हा शांतारामबापूंचा १९५७ चा चित्रपट त्याच प्रयोगावरून सुचला. कथा लिहिणारे माडगूळकर त्याच मुलखातले. एक अभियंता हे करू शकतो, हे कन्येने मला ऐकविले तेव्हा माझा विरोध बराच मावळला, हे कबूल करतो.

आता व्यवहाराकडे वळतो. कर्नाटकात २०२१ साली चार वर्षांच्या पदवीची योजना आली आणि २०२४ साली राज्याने पुन्हा तीन वर्षांची पदवी स्वीकारली. तेव्हा प्रवेश कोणत्या नियमाखाली होत आहे, हे विद्यापीठाकडून लेखी समजून घ्यावे. पुढील शिक्षणास दूर जावे लागत नाही. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे आणि मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत तो फार पूर्वीपासून शिकविला जातो. एकट्या पदवीवर पोट भरेल असे मात्र कोणी समजू नये. पदव्युत्तर शिक्षण, कायदा, समाजकार्य किंवा स्पर्धापरीक्षा यांपैकी पुढचे पाऊल दुसऱ्या वर्षातच ठरले पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञाची भेट टप्प्याटप्प्याने सक्तीची केली आहे. त्यामुळे शेजारच्या त्या शाखेत माणसे लागणार आहेत; तिकडे जावयाचे असेल तर विज्ञान सोडू नये.

पदवी सुरू करणारे पुष्कळ. अडतात ते मध्यावर. आमची कन्या अडली ती सांख्यिकीत. गुन्ह्यांच्या संख्येवरून गुन्हे वाढले की केवळ नोंदी वाढल्या, हे ओळखावयाचे तर सांख्यिकी हवीच. दुसऱ्या वर्षी ती त्या विषयात नापास झाली आणि महिनाभर घरात बोलेना. ‘सोडून दे’ हे शब्द माझ्या ओठांवर होते. तिच्या आईने मला स्वयंपाकघरात बोलावून सुनावले, “तुम्ही उभा जन्म आकडे मोजलेत ना? मग शिकवा तिला.” चार महिने रोज पहाटे आम्ही दोघे सरासरी आणि प्रमाण विचलन घेऊन बसत होतो. त्या काळात आम्ही एकमेकांशी जेवढे बोललो तेवढे त्यापूर्वीच्या अठरा वर्षांत बोललो नव्हतो.

तिसऱ्या वर्षी प्रत्यक्ष कामासाठी ती एका निरीक्षणगृहात जाई. बालन्याय कायद्याप्रमाणे मुलाला मंडळापुढे प्रथम हजर केल्यापासून पंधरा दिवसांत त्याचा सामाजिक तपासणी अहवाल द्यावा लागतो. एक मुलगा कोणत्याही प्रश्नाला ‘गोत्तिल्ला’ एवढेच उत्तर देई. तो असहकार करतो असा शेरा पडण्याच्या बेतात होता. जेवणाच्या वेळी ताट सरकवताना तो मराठीत काही पुटपुटला, ते हिने ऐकले. हिने विचारले, “जेवला नाहीस का रे?” तो ढसाढसा रडला. बांधकामावर आलेल्या टोळीबरोबर तो आला होता, टोळी निघून गेली, हा मागे राहिला. त्या संध्याकाळी त्याने गावाचे नाव सांगितले आणि ते अहवालात गेले. पुढे त्याचे काय झाले ते मला ठाऊक नाही. अशा मुलांविषयी गुप्तता पाळावयाची असते आणि ती घरीदेखील पाळते.

परंतु याची दुसरी बाजूही ऐका. त्याच गृहातील इतर मुलांशी बोलण्यास तिला कन्नड लागले. आमच्या घरात कन्नड भाजीवाल्यापुरते होते; तिने ते लिहावयास शिकून घेतले. येथे राहून सरकारी सेवेत जावयाचे तर त्यावाचून गत्यंतर नाही. मराठी घरात टिकवा आणि कन्नड वहीत उतरवा, एवढेच मी मुलांच्या पालकांस सुचवितो.

तिची जुनी पुस्तके मी आजच मंडळाच्या ग्रंथालयात जमा केली आहेत. ज्यांना हवी असतील त्यांनी ग्रंथपालांकडे नाव नोंदवावे. सांख्यिकीचे पुस्तक तेवढे दिलेले नाही. त्याच्या समासात आम्हां दोघांचे हस्ताक्षर आहे.