यंत्र दारात येण्यापूर्वी

(क्रांती चौक, छत्रपती संभाजीनगर येथील कार्यकर्त्यांच्या सभेतील भाषणाचा मजकूर)



यंत्राला विरोध हे समाजवादाचे ध्येय कधीच नव्हते. माणसाचे कष्ट हलके करणाऱ्या साधनाचे श्रमिकांच्या चळवळीने स्वागतच केले पाहिजे. परंतु यंत्र आणण्याचा निर्णय कोण घेतो, तो केव्हा घेतो आणि त्याचा लाभ कोणाच्या पदरात पडतो, हे तीन प्रश्न विचारल्याखेरीज हे स्वागत भाबडे ठरते. ज्या क्रांती चौकातून मराठवाड्यातील कष्टकऱ्यांचे कितीतरी मोर्चे विभागीय आयुक्तालयाकडे निघाले, तेथे संगणकाविषयी बोलायचे ते याच कारणासाठी. या बाबतीत सर्वांत बोलका अनुभव बँकांचा आहे.

साठच्या दशकात कलकत्त्यातील आयुर्विमा कर्मचाऱ्यांनी ‘इलाको हाउस’ या इमारतीवर रात्रंदिवस पहारा ठेवून संगणक आत येऊ दिला नव्हता. बेकारीने गांजलेल्या देशात ही भीती निराधार नव्हती. सरकारलाही तिची दखल घ्यावी लागली आणि १९६९ साली पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलन समिती नेमण्यात आली. तिचा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र पहारा कितीही कडक असला तरी तो कायमचा ठेवता येत नाही, हेही त्या लढ्याने शिकविले.

बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी पुढे निराळा मार्ग धरला. ८ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी बँक व्यवस्थापनांच्या संघटनेशी यांत्रिकीकरणाचा करार केला. खतावणीची किती यंत्रे आणायची, ती कोणत्या कामासाठी वापरायची, यावर मर्यादा आल्या. यंत्रामुळे कोणाची कपात होणार नाही, अशी हमी मिळाली आणि यंत्रावर काम करणाऱ्यास विशेष भत्ता ठरला. हा संपूर्ण विजय नव्हता, तशी शरणागतीही नव्हती. यंत्र कोणत्या अटींवर येणार, हे ठरविताना श्रमिक समोरच्या खुर्चीवर बसला होता, हे त्या कराराचे खरे मोल. २९ ऑक्टोबर १९९३ च्या कराराने संगणकाची व्याप्ती वाढली. ती वाढही वाटाघाटीतूनच झाली.

त्यानंतर मात्र वाटाघाटीचे टेबल तसेच राहिले आणि यंत्रच तेथून निघून गेले. २०००-०१ मध्ये स्वेच्छानिवृत्तीच्या योजनेखाली सरकारी बँकांतील सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. कपात न करण्याची हमी शब्दशः पाळली गेली आणि माणसे तरीही कमी झाली. कोअर बँकिंग आल्यावर शाखेतील खतावणी दूरच्या केंद्रात गेली. अनेक लहान बँकांनी तर हे केंद्रही बाहेरच्या कंपनीकडे सोपविले. ज्या यंत्रावर बँकेचा सारा व्यवहार चालतो, ते बँकेच्या मालकीचे राहिले नाही आणि ते चालविणारा हात बँकेच्या पटावर राहिला नाही.

याचे परिणाम ३१ जुलै २०२४ रोजी दिसले. सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या संगणकांवर खंडणीखोरांचा हल्ला झाला. संसर्ग पसरू नये म्हणून राष्ट्रीय देयक महामंडळाने त्या कंपनीला आपल्या जाळ्यापासून तात्पुरते तोडले आणि सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे एटीएम व यूपीआयचे व्यवहार अडले. त्यांत सहकारी बँका होत्या, ग्रामीण बँका होत्या. दुसऱ्या दिवशी सेवा पूर्ववत झाली, हे खरे. पण एका कंपनीच्या दारावर घाव पडताच शेकडो बँकांची दारे बंद होतात, याला कार्यक्षमता म्हणायचे की परावलंबन?

हा प्रश्न या शहराला परका नाही. १ मे २०२५ पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक यांचे विलीनीकरण होऊन झालेल्या बँकेचे मुख्यालय येथेच आहे. दोन निरनिराळ्या प्रायोजक बँकांच्या छायेत वाढलेल्या संस्थांचे हिशेब एका प्रणालीत आणावयाचे, म्हणजे केवळ तारा जोडावयाच्या नसतात. खेड्यातील खातेदाराचे नाव, त्याचे कर्ज, त्याचे अनुदान सारे त्या जोडणीत पणाला लागते. चूक झाली तर तिचा जाब खिडकीवरच्या लिपिकाला आणि गावातल्या बँक मित्राला द्यावा लागतो. हा बँक मित्र कमिशनवर राबतो. ज्याच्या बोटांचे ठसे कष्टाने झिजले आहेत अशा शेतमजुराचा अंगठा यंत्राने नाकारला, की शिव्या तोच खातो. निर्णयाच्या वेळी मात्र त्याला कोणी विचारीत नाही.

कायद्यात एक हत्यार अजून शिल्लक आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने कपातीसाठी सरकारी परवानगीची अट १०० ऐवजी ३०० कामगारांच्या कारखान्यांपुरती आणून मालकांना मोठीच मोकळीक दिली. तरीही १९४७ च्या कायद्यातील कलम ९-अ ची तरतूद तिच्यात टिकून आहे. यंत्रात वा कामाच्या तंत्रात कपात ओढवू शकेल अशी सुधारणा करावयाची असल्यास मालकाने २१ दिवस आधी नोटीस दिली पाहिजे. वाळूजच्या कारखान्यापासून बँकेच्या शाखेपर्यंत ही नोटीस मागून घेण्याची सवय संघटनांनी लावून घेतली पाहिजे.

तेवढ्याने भागणार नाही, कारण कंत्राटदाराच्या माणसापर्यंत आणि बँक मित्रापर्यंत बँकेची नोटीस पोहोचतच नाही. म्हणून मागणी पुढे न्यावी लागेल. बाहेरच्या कंपनीशी होणाऱ्या कराराच्या अटी कर्मचारी संघटनेसमोर ठेवल्या जाव्यात. नव्या प्रणालीचे शिक्षण कामाच्या वेळेत आणि पगारी असावे. यंत्र बंद पडल्यास हाताने काम चालविण्याची व्यवस्था आणि ते जाणणारी माणसे प्रत्येक शाखेत असावीत. यंत्राच्या चुकीचा दंड लिपिकावर वा बँक मित्रावर बसू नये.

१९८३ साली बँक कर्मचारी यंत्र दारात येण्यापूर्वी बोलले, म्हणून त्यांचे ऐकावे लागले. आता येणारे यंत्र दारातून येत नाही, तारेतून येते आणि एका रात्रीत येते. त्याच्या आधी पोहोचावयाचे असेल तर संघटनेने पटावरचा आणि पटाबाहेरचा श्रमिक एका सभासद-वहीत आणला पाहिजे. त्या वहीची सुरुवात प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावच्या बँक मित्राच्या नावाने करावी.