आधी प्लग बघा
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



बीड जिल्ह्यात झेरॉक्स मशीन दुरुस्त करत मी बरीच वर्षं फिरलो. या धंद्यातल्या पोरांच्या गमती सांगतो. एकानं अख्खं मशीन खोललं. निघालं काय, तर प्लग सैल! दुसऱ्यानं ड्रम काढून उन्हात खिडकीत ठेवला. ड्रमचं काम उजेडावर चालतं, पण कडक ऊन लागलं की तो बाद. तिसऱ्यानं सांडलेली टोनर पावडर गरम पाण्यानं पुसली. उष्णतेनं कागदाला चिकटणारी पावडर फरशीला सोडते होय?

मोठ्यांचंही तेच. १९५९ च्या झेरॉक्स ९१४ मशीनमध्ये कागद पेट घ्यायचा, म्हणून सोबत आग विझवायचं नळकांडं यायचं.

हसू येतं खरं. पण पीकविम्याचा शेवटचा दिवस असतो, सातबारा हातात घेऊन माणसं रांगेत असतात, तेव्हा बंद मशीनपुढे कुणी हसत नाही.

म्हणून सांगतो, सोसायटीची पाण्याची मोटार बंद पडली तरी आधी फ्यूज बघा. आणि शिकाऊ पोरगं चुकलं तर हाकलू नका. तेच काम त्याच्याकडूनच पुन्हा करून घ्या. ते जन्मभर विसरत नाही.