किती खपला? मोजलं कोणी?



आजच्या गप्पा गाण्यांच्या आहेत, पण गाण्यांच्या हिशेबाच्या. अल्बम म्हणजे एका गायकाची किंवा बँडची आठ-दहा गाणी एकत्र करून काढलेली तबकडी किंवा कॅसेट. जाणकारांनी एखादा अल्बम नावाजला की त्याच्यासोबत एक आकडाही फिरायला लागतो. इतके लाख खपला म्हणे. कधी उलटं असतं : एवढा चांगला, पण कुणी घेतलाच नाही म्हणे. आपण मान डोलावतो. गटाच्या वहीत पाच रुपयांचा फरक निघाला तर आपण दिवेलागणी होऊन गेली तरी उठत नाही, पण या आकड्यांना एक प्रश्न विचारत नाही. आज विचारू या. उदाहरणं बरीचशी अमेरिकेतली देणार आहोत, कारण रेकॉर्डच्या खपाच्या मोजणीची आणि तिच्यावरून झालेल्या वादांची नोंद तिथे नीट सापडते.

१९६७ साली न्यूयॉर्कच्या ‘द वेल्व्हेट अंडरग्राउंड’ या बँडचा पहिला अल्बम आला. सोबत निको नावाची जर्मन गायिका होती. वेष्टनावर अँडी वॉरहॉल या चित्रकाराचं पिवळं केळं होतं, म्हणून लोक त्याला केळ्याचा अल्बमच म्हणतात. रेडिओवर त्यातली गाणी फारशी लागली नाहीत. ‘बिलबोर्ड’ नावाचं साप्ताहिक तेव्हा दर आठवड्याला खपाच्या क्रमाने यादी छापत असे. त्या यादीत तेव्हा हा अल्बम १७१ व्या क्रमांकाच्या वर चढला नाही. पुढे मात्र त्याचं नशीब फिरलं. २००३ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ने ५०० सर्वोत्तम अल्बमांची यादी केली, तेव्हा याला तेरावं स्थान दिलं.

आता आकड्याकडे या. १९८२ मध्ये ब्रायन ईनो या संगीतकाराने एका मुलाखतीत सांगितलं, की बँडचा गायक लू रीड त्याला म्हणाला होता, पहिल्या पाच वर्षांत आमच्या तीसच हजार प्रती खपल्या. ईनोने त्यावर आपल्या पदरचं जोडलं, की ज्यांनी ज्यांनी ती प्रत घेतली त्यांनी पुढे आपला बँड काढला. वाक्य असं झकास, की ते जगभर गेलं. सांगता सांगता कुणी तीस हजारांचे दहा हजार केले, कुणी थेट एक हजार.

मग बऱ्याच वर्षांनी कंपनीच्या हिशेबाचा एक जुना कागद पुढे आला. कलाकारांना दर प्रतीमागे जो हिस्सा मिळतो त्याला रॉयल्टी म्हणतात, त्या रॉयल्टीचा तो हिशेब होता. त्यात १४ फेब्रुवारी १९६९ पर्यंत ५८,४७६ प्रती विकल्याची नोंद होती. म्हणजे पाच वर्षं कुठली, दोन वर्षं पुरी व्हायच्या आतच जवळजवळ दुप्पट!

इथे कुणी ठरवून खोटं बोललं असं आम्हाला वाटत नाही. एकाने सांगितलं, दुसऱ्याने ऐकलं, तिसऱ्याने छापलं. शिवाय ‘आम्हाला तेव्हा कुणी विचारलं नाही’ ही गोष्ट कलाकारालाही गोड लागते, आणि तारीफ करणाऱ्यालाही. आपणच हिरा ओळखला असं वाटतं ना! पण दोन आकड्यांतला कोणता धरायचा असं विचाराल तर आम्ही दुसरा धरू. कंपनी जाहिरातीत आकडा फुगवेल, पण ज्या कागदावरून कलाकाराला पैसे द्यायचेत त्यावर जादा प्रती कशाला लिहील? तेव्हा निदान इतक्या तरी खपल्याच असणार.

मोठे आकडे बहुतेक वेळा सोनेरी तबकडीवरून सांगतात. अमेरिकेत रेकॉर्ड कंपन्यांची आरआयएए नावाची संघटना आहे. ती १९५८ पासून जास्त खपलेल्या रेकॉर्डना सोनेरी तबकडीचा मान देते. १९७६ पासून दहा लाख प्रतींच्या अल्बमला त्याहून वरचा, प्लॅटिनमचा मान आहे. हिशेब तपासला जातो, त्यामुळे ही नुसती हवा नाही. पण काय मोजतात ते पाहा. दुकानातून गिऱ्हाइकाने घरी नेलेली प्रत मोजत नसत. कंपनीने दुकानांकडे पाठवलेला माल मोजत.

हे आपल्याला वेगळं समजवायला नको. समजा, गटाने पाच दुकानांत मिळून पापडाची दोनशे पाकिटं ठेवली, ‘खपली तर पैसे, नाहीतर परत’ या बोलीवर. जावक वहीत दोनशे लागली. त्याच दिवशी कुणी विचारलं तर आपण ऐटीत दोनशे सांगू. महिन्याने साठ पाकिटं परत आली की तोंडाने काहीही म्हणा, खरा आकडा एकशे चाळीसच. रेकॉर्डचा व्यवहारही असाच माल परत घेण्याच्या बोलीवर चाले. १९७८ मध्ये ‘किस’ या बँडच्या चौघांचे चार वेगळे अल्बम एकाच दिवशी काढले, प्रत्येकाच्या लाखो प्रती दुकानांत लोटल्या आणि काही आठवड्यांत चारही प्लॅटिनम झाले. नंतर त्यांतल्या ढिगाने प्रती परत आल्या. त्या चार अल्बमांची जाणकारांनी काही फार वाहवा केली नव्हती, पण नावाजलेल्यांना मान मिळे तोही याच मापाने.

दुसरी गंमत दोन तबकड्यांच्या अल्बमची. पिंक फ्लॉइडचा १९७९ सालचा ‘द वॉल’ २३ वेळा प्लॅटिनम झालेला आहे. ऐकणाऱ्याला वाटतं २ कोटी ३० लाख जणांनी घेतला. पण त्यात दोन तबकड्या, आणि मोजणी तबकड्यांची. म्हणून संच भरतात १ कोटी १५ लाख. दोन चपलांचा जोड विकून ‘दोन नग गेले’ म्हणावं, तसंच हे.

आणि मान नाही म्हणजे खप नाही, असंही समजू नका. मान आपोआप मिळत नाही. कंपनीला मागावा लागतो आणि वह्या दाखवाव्या लागतात. डेट्रॉइटची मोटाऊन ही बेरी गॉर्डी या काळ्या उद्योजकाने काढलेली कंपनी. साठच्या दशकात आणि सत्तरच्या सुरुवातीला ती आपल्या वह्या या संघटनेला उघडून देत नव्हती. मार्विन गेचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ हा अल्बम १९७१ सालचा. २०२० मध्ये ‘रोलिंग स्टोन’ने त्याला पाचशेत पहिलं स्थान दिलं. तो निघाला तेव्हा भरपूर विकला गेला, पण त्या वेळच्या सोनेरी तबकड्यांच्या यादीत तो शोधून सापडायचा नाही.

आम्हाला यातली सगळ्यात महत्त्वाची वाटते ती १९९१ सालची गोष्ट. तोवर ‘बिलबोर्ड’ची यादी कशी होत असे? ठरलेल्या दुकानांना फोन जात : या आठवड्यात काय चाललंय? दुकानातला माणूस क्रमाने नावं सांगे. किती प्रती, ते नाहीच. त्या माणसाला जे आवडे, जे त्याला खपावंसं वाटे, ते वर. कंपन्यांची माणसं अशा दुकानदारांना भेटवस्तू देऊन खूश ठेवतात, अशी कुजबुजही कायम असे. मे १९९१ पासून मात्र ‘साउंडस्कॅन’ची मोजणी आली. काउंटरवर बारकोडवर यंत्र फिरलं की विक्रीची नोंद व्हायची, तीच जोडून यादी करायची.

आणि यादी पालटली! खेड्यापाड्यांत ऐकलं जाणारं कंट्री संगीत आणि काळ्या वस्त्यांतलं रॅप एकदम वर आलं. लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनमधल्या एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटाचा अल्बम जूनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर आला आणि पुढच्या आठवड्यात पहिला झाला. सप्टेंबरमध्ये गार्थ ब्रुक्सचा ‘रोपिन द विंड’ आल्या आल्या पहिला. कंट्रीच्या अल्बमने थेट पहिल्या क्रमांकावर उतरण्याची ती पहिलीच वेळ. हे ऐकणारे लोक रातोरात थोडेच उगवले होते? ते आधीही पैसे मोजून रेकॉर्ड घेतच होते. फोनवर बोलणाऱ्या माणसाला त्यांची गाणी सांगण्याजोगी वाटत नव्हती, एवढंच. शेतावर राबणाऱ्या बाईपुढे कागदावर ‘घरकाम’ लिहिणारे आपल्याकडे कमी आहेत का?

म्हणून १९९१ च्या आधीच्या कुठल्याही अल्बमचा, कितीही नावाजलेला असो, अमेरिकेतला शेवटच्या प्रतीपर्यंतचा आकडा कुणी छातीठोक सांगितला तर सावध व्हा. त्या काळी काउंटरवरची मोजणीच नव्हती.

यंत्र आल्यावर तरी प्रश्न मिटला का? जानेवारी २०१६ मध्ये रिहाना या गायिकेचा ‘अँटी’ आला. सॅमसंगने दहा लाख प्रतींचे पैसे आधीच भरले होते आणि त्या लोकांना मोबाइलवर फुकट दिल्या. आरआयएए म्हणाली, कुणीतरी पैसे भरलेत ना, मग दहा लाख खपल्या, घ्या प्लॅटिनम. ‘बिलबोर्ड’ म्हणालं, ऐकणाऱ्याने पैसे दिले नाहीत, आम्ही धरत नाही. त्यांच्या आठवड्याचे थोडेच तास उरले होते, त्यात पाचशेच्याही आत प्रती विकलेल्या दिसल्या. एकच अल्बम, एकच आठवडा. दोन्ही आकडे आपापल्या नियमाने बरोबर! त्याच साली आरआयएएने मोबाइलवर गाणी १,५०० वेळा ऐकली गेली की एक अल्बम खपला असं धरायला सुरुवात केली. तेव्हापासून जुने अल्बमही घरबसल्या ‘खपू’ लागले.

आपल्याकडचं थोडं आठवा. ऐंशी-नव्वदच्या दशकात जत्रेत, आठवडी बाजारात कॅसेटींचे ढीग असत. प्रल्हाद शिंद्यांची भक्तिगीतं लागली नाहीत अशी जत्रा विरळा. त्या ढिगांत नकली कॅसेटीही मुबलक असत, आणि त्या कुठल्याच कंपनीच्या वहीत चढत नसत. तेव्हा त्या काळच्या आपल्या लोकप्रिय गाण्यांचा जो काही खप सांगितला जातो, तो कंपनीने काढलेल्या मालाचा. घराघरांत पोचलेलं गाणं त्याहून जास्तच असणार.

कुणी म्हणेल, आकडा चुकला तर आपलं काय बिघडलं? आपलं नसेल, पण गाणाऱ्याची भाकरी त्यावर असते. बीटल्स तर जगातला सगळ्यात गाजलेला बँड. त्यांच्या ॲपल कॉर्प्स या कंपनीनेही २००५ मध्ये रेकॉर्ड काढणाऱ्या ईएमआयवर दावा लावला, की हिशेब तपासला तर आमचे ३ कोटी पौंड बुडालेले दिसतात. २००७ मध्ये आपसांत तडजोड झाली, अटी जाहीर झाल्या नाहीत. त्यांच्याकडे हिशेबनीस होते, वकील होते, वही मागायचा करारातला हक्क होता. आपल्याकडे कॅसेटच्या जमान्यात कितीतरी गावाकडच्या गायकांनी आणि गायिकांनी एकरकमी बिदागी घेऊन गाणं देऊन टाकलं. पुढे ती कॅसेट हजार खपली की लाख, हे त्यांना कुणी सांगायचं कारणच उरलं नाही.