निरीक्षक दारी येतात तेव्हा

खेड्यात सरकारी मोटार आली की ती कुणाकडे आली आहे, हे ती थांबण्याआधीच साऱ्या गावाला समजलेले असते. ज्याच्या दारापुढे ती थांबते, त्याचा मात्र गोंधळ उडतो. मी असे तीन प्रकारचे लोक पाहिले आहेत. पहिला मागच्या दाराने निसटतो आणि “मालक परगावी गेलेत” असा निरोप ठेवतो. दुसरा बाह्या सरसावून पुढे होतो आणि “माझ्या रानात पाऊल टाकायचे नाही” असे बजावतो. तिसरा चहा मांडतो, मान डोलावतो आणि साहेब बोट दाखवतील तेथे सही करून मोकळा होतो. माझे म्हणणे असे, की हे तिघेही चुकतात. आणि सर्वांत जास्त चुकतो तो तिसरा.

हा तिसरा माणूस माझ्या घरातलाच आहे, म्हणून हे धिटाईने बोलतो. माझे चुलते, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, यांचा ओढ्याकाठी गाईंचा मोठा गोठा आहे. काही वर्षांपूर्वी गोठ्याच्या धुवणाचे पाणी ओढ्यात जाते, अशी तक्रार कुणीतरी केली आणि एक निरीक्षक चौकशीला आले. माणूस सभ्य होता. त्यांनी ओळख सांगितली, बाटलीत पाण्याचा नमुना घेतला, कागद पुढे केला. अण्णांनी चष्मा शोधण्याचे कष्टही न घेता सही ठोकली. पुढे अहवाल प्रतिकूल आला, नोटीस आली. तेव्हा अण्णा म्हणू लागले, की नमुना घेतला तेथे वरच्या अंगाचा दुसरा नालाही मिळतो. ते पाणी एकट्या माझ्या गोठ्याचे नव्हे. असेलही. पण नमुना कोणत्या जागी घेतला हे कागदात नीट लिहिलेले नव्हते, आणि अण्णांनी ते लिहा म्हणून सांगितलेही नव्हते. खरे काय ते शोधण्याची वाट त्यांनी स्वतःच्या सहीने बंद करून टाकली. आणि पुतण्या कोण, तर राज्यशास्त्राचा अध्यापक! मीही तेव्हा ते कलम उघडून पाहिलेले नव्हते. मग मात्र पाहिले. त्यातले चार शब्द आज आपल्याला सांगतो.

पहिली गोष्ट ही, की निरीक्षकाला आत येण्याचा अधिकार आहे, हे मान्य करावे. पाण्याच्या प्रदूषणाला आळा घालणारा आपला केंद्रीय कायदा १९७४ सालचा. महाराष्ट्रात त्याआधी १९६९ चा स्वतःचा कायदा होता. १९८१ पासून येथे केंद्रीय कायदा लागू आहे. त्याच्या २३ व्या कलमान्वये राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने अधिकार दिलेला माणूस आपल्या कामासाठी कोणत्याही जागेत, कोणत्याही वेळी प्रवेश करू शकतो, यंत्रे पाहू शकतो, नोंदवह्या तपासू शकतो. त्यासाठी त्याला न्यायालयाचे वॉरंट आणावे लागत नाही. त्याला अडवल्यास कायद्याने दंड होऊ शकतो. तेव्हा तो बाह्या सरसावणारा गृहस्थ स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो.

पण याच कलमाला एक छोटेसे परंतुक जोडलेले आहे आणि ते मला फार आवडते. राहत्या जागेतली विहीर असेल आणि तिचे पाणी केवळ घरगुती वापरासाठी असेल, तर ती तपासायला वाजवी वेळीच यावे, असे कायदा म्हणतो. कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते, की गोठा आणि कारखाना वेगळा, आणि जिथे घरची लेकबाळ पहाटे पाणी शेंदते तो परसू वेगळा. पुढे १९८१ च्या हवेसंबंधीच्या आणि १९८६ च्या पर्यावरण संरक्षणाच्या कायद्यांत तर प्रवेशासाठी ‘वाजवी वेळ’ हेच शब्द सरसकट आले.

घराची मर्यादा ही काही आजची कल्पना नव्हे. उत्तर प्रदेशातील खरक सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली, पोलिसांनी रात्री-अपरात्री घरी जाऊन माणसाला उठवण्याचा नियम रद्द ठरवला. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने सांगितले, की खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. अर्थात हक्क आहे म्हणून तपासणीच नको, असा त्याचा अर्थ होत नाही. तपासणी कायद्याने, योग्य कारणासाठी आणि कारणापुरतीच व्हावी, एवढा त्याचा अर्थ.

हा प्रश्न जगात इतरत्रही पडला आहे. अमेरिकेत बाल्टिमोर शहरात आरोग्य निरीक्षक एका घरी उंदरांचा माग काढीत आले. मालकाने आत घेतले नाही, त्याला वीस डॉलर दंड झाला, आणि १९५९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो पाच विरुद्ध चार मतांनी कायम केला. अवघ्या आठ वर्षांनी, १९६७ साली, सॅन फ्रान्सिस्कोच्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने मत बदलले: मालक नको म्हणाला तर निरीक्षकाने वॉरंट आणावे. पुन्हा १९७४ साली कोलोरॅडोतल्या एका लसूणघासाच्या कारखान्याचा खटला आला. निरीक्षकाने मालकाला न सांगता मोकळ्या आवारात उभे राहून धुराड्यांचा धूर पाहिला होता. न्यायालय म्हणाले, जे उघड्यावर कुणालाही दिसते, ते पाहायला वॉरंट कशाला? पाहा, घराची भिंत आणि शेताचा बांध यांत तिथेही फरक केला जातो. आपल्याकडची वाट निराळी आहे. आपण वॉरंटावर भर न देता नमुना घेण्याच्या रीतीवर भर दिला आहे.

आता त्या रीतीकडे वळू. हे कलम २१ वे. निरीक्षकाने सांडपाण्याचा नमुना घेतला, तर तो तपासणीला पाठवणार आहोत अशी लेखी नोटीस त्याने तेथल्या तेथे दिली पाहिजे. आपण किंवा आपला माणूस हजर असेल, तर आपल्यासमक्ष त्या नमुन्याचे दोन भाग करता येतात. दोन्ही बाटल्यांवर खूण, मोहोर, आणि त्याची व आपली अशा दोघांच्या सह्या. एक बाटली मंडळाच्या किंवा मंडळाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत जाते. दुसरी, आपण मागणी केली तर, सरकारने नेमलेल्या निराळ्या प्रयोगशाळेत जाते. दोन अहवालांत तफावत पडली, तर या दुसऱ्या प्रयोगशाळेचा अहवाल ग्राह्य धरला जातो. तिचा खर्च मात्र मागणी करणाऱ्याने सोसायचा. आणि ही सारी रीत पाळली नसेल, तर तो अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही.

यातला कळीचा शब्द कोणता, तो ध्यानात ठेवा: ‘मागणी केली तर’. आपण हजर राहूनही दोन भाग करा असे म्हटले नाही, तर एकच बाटली भरली जाते आणि तेवढ्यावर भागते. अण्णांचे नेमके हेच झाले. निरीक्षकाने काही लपवले नव्हते. अण्णांनी काही मागितले नव्हते. आणि जो मागच्या दाराने निसटतो, त्याचे काय? कायद्याने त्याचीही सोय केली आहे. जाणूनबुजून गैरहजर राहणाऱ्याच्या माघारी निरीक्षक एकट्याच्या सहीने बाटली बंद करतो आणि तसे लेखी कळवून तपासणीला पाठवतो. म्हणजे निसटणाऱ्याने आपली साक्ष आपणच काढून घेतली. अहवाल आला, की त्याची एक प्रत आपल्याला मिळाली पाहिजे, हेही कलम २२ मध्ये लिहिलेले आहे.

पाहणी आणि झडती यांतही भेद आहे. निरीक्षक कपाटे उघडून कागद किंवा वस्तू जप्त करू लागला, तर ती झडती झाली. मग वॉरंटाने होणाऱ्या झडतीचे फौजदारी प्रक्रियेचे नियम शक्य तितके लागू होतात: गावातले दोन प्रतिष्ठित पंच, जप्त वस्तूंची यादी, तिची प्रत आपल्याला, आणि झडतीच्या वेळी हजर राहण्याची आपल्याला मुभा.

तेव्हा मोटार दारी थांबली, तर काय करावे? पुढे होऊन नमस्कार करावा. ओळखपत्र पाहावे, नाव, हुद्दा आणि वेळ वहीत टिपून घ्यावी. कोणत्या कायद्याखाली आणि कशासाठी आलात, ते नम्रपणे विचारावे. बरोबर फिरावे. नमुना कोठून घेतला ती जागा कागदात लिहून घ्यावी; दुसरा नाला मिळत असेल, तर तेही लिहावयास सांगावे. नमुन्याचे दोन भाग करा, असे स्पष्ट शब्दांत म्हणावे. कोऱ्या कागदावर किंवा न वाचता सही करू नये. वाचता येत नसेल, तर गावातल्या शिकल्यासवरल्या माणसाकडून वाचून घ्यावे. काही पटले नाही, तर सहीच्या वर तेवढे लिहावे. आणि हे सर्व करताना आवाज चढवू नये. चहा द्यावा, जरूर द्यावा. पण चहा आणि सही यांची गल्लत होऊ देऊ नये.

आपल्याकडे म्हण आहे, ‘कर नाही त्याला डर कशाला?’ म्हण खरी आहे. पण ज्याला डर नाही, त्याने दक्षताही सोडावी, असे ती सांगत नाही.

शेवटी अण्णांचीच एक गोष्ट सांगतो. त्यांनी गोठ्यामागे खड्डा खणून धुवणाचे पाणी त्यात घेतले; ते आता गवताला जाते. प्रकरण मिटले. पुढे एका उन्हाळ्यात त्यांच्या विहिरीचे पाणी काळपट दिसू लागले, वास मारू लागले. वरच्या अंगाला एक उद्योग सुरू झाला होता. या वेळी तक्रारीचा अर्ज अण्णांचा होता. निरीक्षक आले आणि त्या उद्योगाच्या फाटकातून सरळ आत गेले. त्यांनी बाहेर परवानगीसाठी ताटकळत उभे राहावे, असे अण्णांना त्या दिवशी मुळीच वाटले नाही. संध्याकाळी मला म्हणाले, “अरे, तो माणूस आत जाऊ शकतो, म्हणून माझी विहीर वाचेल. पण त्या फाटकवाल्यालाही कुणीतरी सांगा, दुसरी बाटली माग म्हणावं. म्हणजे उद्या खोटं पडलं असं त्याला बोलता येणार नाही.”

मला वाटते, एवढे ज्याला समजले, त्याला कायद्याचे मर्म समजले.