‘असं झालं तर?’ हा प्रश्न आपलाही आहे

(भोर-वेल्हे परिसरातील तरुण-तरुणींसमोर भोर येथे केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. ‘असं झालं तर हे कर, नाहीतर ते कर’ असं दिवसभर संगणकाला सांगत बसतो. विज्ञानकथाकारही तेच करतो, फक्त त्याचं ‘असं झालं तर’ अख्ख्या समाजाला लागू होतं.

१९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावानं कथा पाठवली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. आपल्या मोठ्या नावाचा फायदा नको, म्हणून त्यांनी नाव लपवलं. आपल्यातले काहीजण मात्र नावामुळे तोटा होईल म्हणून ते लपवतात. मीही लपवलं. कॉलेजात पहिली विज्ञानकथा लिहिली, तेव्हा नायक ठेवला समीर देशमुख. घरात दादी, खाला, चाचा. माझ्या अवकाशयानात त्यांच्यापैकी कुणीच नव्हतं. मला कुणी अडवलं नव्हतं. भविष्यकाळ आपला नाही, असं मीच धरून चाललो होतो.

नंतर नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ वाचली. तिच्यात मराठे पानिपत जिंकतात. खऱ्या पानिपतात मराठ्यांचा तोफखाना इब्राहिमखान गारदीकडे होता. पराभवानंतर तो पकडला गेला, मारला गेला. मनात आलं, त्या जिंकलेल्या पानिपतातून इब्राहिमखान घरी परतला असेल का? त्याची नातवंडं पुण्यात कुठली भाषा बोलत असतील? ही कथा कुणीतरी लिहायला हवी. ते ‘कुणीतरी’ आपण का नाही?

आपल्याआधी एकीनं असं धाडस केलं आहे. बंगालच्या रुकय्या सखावत हुसैन कधी शाळेत गेल्या नाहीत. भावाकडून घरीच इंग्रजी शिकल्या. १९०५ मध्ये त्यांची ‘सुलतानाज ड्रीम’ मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात आली. त्या कथेत पुरुष पडद्यात राहतात आणि बायका राज्य चालवतात, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक करतात, ढगांतलं पाणी हवं तेवढं खेचून घेतात. पुढे १९११ मध्ये रुकय्यांनी कलकत्त्यात आठ मुलींची शाळा सुरू केली. आधी कागदावर, मग जमिनीवर.

आता इकडे पाहा. आपल्याकडे पाऊस कोसळतो. भाटघर, नीरा देवघर, पानशेत ही धरणं आपल्याच दोन तालुक्यांत आहेत. तरी उन्हाळ्यात डोंगरावरच्या वाड्यांतल्या बायका डोक्यावर हंडे वाहतात. रुकय्यांचं ते यंत्र वेल्ह्याच्या एखाद्या वाडीत आलं तर? त्याची चावी कुणाच्या हातात असेल? वाडीतल्या सलमाच्या, की पुण्यातल्या कुठल्या साहेबाच्या?

ही झाली तुमची पहिली कथा. मराठीत लिहा. पात्रं घरी जशी बोलतात, तशीच बोलू द्या. आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहा.