अभिक्रियेलाही प्रवाहात वाटा आहे



 उसाच्या पट्ट्यात द्रवांच्या अस्थिर प्रवाहांवर परिषद कशाला, असे काहींनी विचारले. या विषयाचा एक जुना धागा साखरेचाच आहे. हाडांच्या कोळशाने भरलेल्या स्तंभातून साखरेचा पाक पाण्याने खाली ढकलताना काय होते, याचा अभ्यास एस. हिल यांनी 1952 मध्ये प्रसिद्ध केला. पाण्याचा वेग मर्यादेबाहेर गेला, की ते एकसारख्या थराने उतरत नाही. बोटांसारखे फाटे फुटून दाट पाकात घुसते आणि बराच पाक मागेच राहतो. 1958 मध्ये सॅफमन आणि टेलर यांनी या अस्थिरतेचे गणित मांडले.

तिथे द्रव फक्त एकमेकांना ढकलत होते. त्यांच्यात अभिक्रिया सुरू झाली, की सगळा हिशेब बदलतो. जपानच्या नागात्सु आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये दाखवले, की वेगवान अभिक्रियेने पॉलिमरच्या द्रावणाची श्यानता वाढली तर बोटे रुंदावतात, घटली तर ती बारीक होतात.

घनतेचेही तसेच. दोन उभ्या काचांमधल्या फटीत खाली सोडियम हायड्रॉक्साइड आणि वर त्याहून हलके हायड्रोक्लोरिक आम्ल ठेवा. हलके वर, जड खाली. म्हणजे सारे शांत राहायला हवे. पण आम्लाचे विसरण अल्कापेक्षा लवकर होते, सीमेवर मीठ तयार होते, घनतेचा क्रम बिघडतो आणि द्रव आपोआप वाहू लागतो. हे डोळ्यांना दिसावे म्हणून रंगदर्शक घालावा, तर तोही प्रवाहाची आकृती बदलतो! ब्रुसेल्स आणि ब्युनॉस आयर्सच्या संशोधकांनी 2010 मध्ये हे दाखवून दिले.

म्हणून अभिक्रियेला प्रवाहाबरोबर वाहत जाणारे ओझे समजून चालणार नाही; प्रवाहाची दिशा ठरवण्यात तिचाही वाटा असतो. जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड मुरवायचा, तर तो किती वेगाने खाली उतरेल हेही तिथल्या अभिक्रियांवर अवलंबून आहे. कार्बन डायऑक्साइडशी अभिक्रिया करणाऱ्या बेसाल्ट खडकावर राहणाऱ्या आपल्याला हा प्रश्न परका नाही.

तेव्हा माझी एकच विनंती: रसायनवाल्यांनी आणि प्रवाहवाल्यांनी वेगवेगळे कोपरे धरू नयेत. एकमेकांच्या सत्रांना बसा, आडवेतिडवे प्रश्न विचारा. व्यवस्थेत काही उणे राहिले तर सांभाळून घ्या; चर्चेत मात्र काही उणे राहू देऊ नका.