पाववाल्यालाही रस्ता द्या

28 फेब्रुवारी 2024च्या पहाटे नवी मुंबईत, पाम बीच रस्त्यावर, इंटेल इंडियाचे माजी प्रमुख अवतार सैनी सायकल चालवत होते. मागून आलेल्या टॅक्सीने धडक दिली. हेल्मेट घातलेलं होतं, तरी ते वाचले नाहीत.

आपल्या मीरा रोडला फजरच्या वेळी पाववालाही सायकलवरच असतो. डावीकडे गाड्या उभ्या, म्हणून त्याला रस्त्याच्या मध्ये यावंच लागतं. मी एकदा घाईत हॉर्न वाजवत त्याला घासून गेलो. त्याचा तोल गेला, पाव रस्त्यावर सांडले.

तेव्हापासून दोन गोष्टी पाळतो. जागा नसेल तर त्याच्या मागेच राहतो. गाडी उभी केल्यावर उजवं दार डाव्या हाताने उघडतो. मान आपोआप मागे वळते. उद्या पहाटेपासून तुम्हीही पाळा.